विहिरीचा बार, माजलगावचे धरण आणि परळीचे थर्मल

प्रश्न : आमचे शेत माजलगाव धरणाच्या फुगवट्यापासून फार लांब नाही. उन्हाळा लागला की शिवारात विहिरींचे बार सुरू होतात. बार झाला की घरातली भांडी वाजतात, भिंतींना तडेही गेले आहेत. घराची ही गत, तर धरणाला काहीच होत नसेल का? दुसरी शंका जास्त सतावते. जिलेटिन आमच्याकडे इतक्या सहज दिसते. उद्या कुणी वाईट हेतूने ते धरणावर किंवा परळीच्या थर्मलमध्ये नेले, तर गेटवरचे दोन-चार जवान करणार तरी काय?
— एक वाचक, ता. माजलगाव, जि. बीड

उत्तर : तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पत्रात विचारल्या आहेत, आणि त्या वेगवेगळ्याच सोडवल्या पाहिजेत. पहिली शंका हादऱ्याची आहे. तिचे उत्तर मोजमापाने देता येते. दुसरी माणसाच्या हेतूची आहे. तिथे मोजमापाबरोबर बंदोबस्तही येतो. आधी पहिली घेऊ.

विहिरीवर काय चालते ते तुम्ही रोज पाहता. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर तळाच्या खडकात होल मारतो, त्यात कांड्या बसवल्या जातात, ‘बार आहे, लांब व्हा’ अशी हाळी उठते आणि बार घेतला जातो. मग यारीने दगड वर येऊ लागतो. स्फोटाची बरीचशी ताकद हा खडक फोडण्यातच खर्ची पडते. उरलेली ताकद दोन वाटांनी बाहेर निघते : जमिनीतून हादरा जातो आणि हवेतून दाबाची लाट जाते. तुमची भांडी बहुधा या दुसऱ्या वाटेने वाजतात. पत्रा, खिडकीची काच, मांडणीवरची ताटे या हलक्या वस्तू हवेच्या जराशा धक्क्यानेही थरथरतात. आवाज मोठा झाला म्हणून पायाही तितकाच हलला, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही.

जमिनीचा हादरा मोजण्याचे यंत्र असते. जमिनीचा कण सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलला, हे ते दाखवते. खाणींतल्या सुरुंगांसाठी केंद्र सरकारच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली मर्यादा ठरवून दिल्या. साध्या घरांसाठी ती मर्यादा हादऱ्याच्या कंपनसंख्येनुसार सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटर आहे. जुन्या, नाजूक, ऐतिहासिक वास्तूंसाठी ती २, ५ किंवा १० आहे. यातली गंमत पुढे आहे. माणसाच्या शरीराला सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा हादराही जाणवतो. म्हणजे घराला धोका पोहोचण्याच्या कितीतरी आधी आपल्याला भीती वाटू लागते. दार जोरात आपटले किंवा पोरे जिन्यावरून धावली, तरी भिंतीवर येणारा ताण काही वेळा लांबच्या सुरुंगाच्या ताणाइतका भरतो. पण त्याची आपल्याला सवय असते.

मग तडे कशाने गेले? तुमच्या घराचा पाया काळ्या मातीत असेल, तर आधी तिच्यावर संशय घ्या. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि चैत्र-वैशाखात आकसून भेगाळते. तिच्यावरचा पाया दर वर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा खाली बसतो, आणि भिंत कोपऱ्यातून किंवा खिडकीच्या टोकापासून तिरपी चिरत जाते. विहिरींचे बारही नेमके उन्हाळ्यातच होत असल्याने आळ त्यांच्यावर येतो. खात्री करायची तर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि मध्ये आडवी कागदाची पट्टी चिकटवा. बाराच्या दिवशी पट्टी फाटली किंवा तडा खुणेच्या पुढे सरकला, तर तुमची तक्रार रास्त आहे. बार नसतानाही तडा वाढत राहिला आणि आषाढात मिटू लागला, तर दोष मातीचा. अर्थात, अगदी घराशेजारच्या विहिरीत भरमसाट कांड्या भरून बार घेतला, तर घराला इजा होऊ शकते आणि दगड उडून माणूसही जाऊ शकतो. अंतर आणि एका वेळी उडणारे वजन, या दोन गोष्टींवर सगळे ठरते.

आता धरण. माजलगावचे धरण सिंदफणेवर आहे, मुख्यतः मातीचे आहे आणि त्याची लांबी साडेसहा किलोमीटरच्या आसपास भरते. घागरीवर काठी हाणली तर घागर फुटते, ज्वारीच्या पोत्यावर हाणली तर काठीचाच जोर जिरतो; मातीच्या भरावाचे तसेच आहे. दूरवरच्या विहिरीतल्या काही किलो स्फोटकांचा, क्षणभर टिकणारा हादरा अशा भरावाला जाणवतो न जाणवतो. तुलनेसाठी किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे बाहेर पडलेली ऊर्जा हजारो टन स्फोटकांच्या तोडीची होती आणि तिचा हादरा जास्त वेळ टिकला. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप थेट धरणाच्या परिसरात झाला. काँक्रीटच्या त्या धरणाला वरच्या भागात तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे त्याला आधार देऊन बळकट करण्यात आले.

मुद्दाम बाँब टाकले तर काय होते, तेही पाहू. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४३ मध्ये, ब्रिटिश विमानांनी जर्मनीतल्या धरणांवर खास त्याच कामासाठी बनवलेले अवजड बाँब टाकले. त्यासाठी शास्त्रज्ञांनी आणि वैमानिकांनी खूप खटाटोप केला होता. म्योने आणि एडर ही दगडी बांधकामाची धरणे फुटली. मातीचा भराव असलेले झोर्पे धरण मात्र टिकले. सिनेमात एका पिशवीतल्या बाँबने धरण वाहून जाते, ते सिनेमातच.

मातीच्या धरणाला खरी भीती पाण्याची असते. आतून झिरपणारे पाणी माती घेऊन जाऊ लागले, भरावात उंदीर-घुशींची बिळे झाली, झुडपांची मुळे खोल गेली, किंवा पूर येऊन पाणी माथ्यावरून वाहिले, तर धरण जाते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर कोसळलेला पानशेत धरणाचा लोंढा कुणाच्या बाँबमुळे आलेला नव्हता. म्हणूनच २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे आणि संकटकाळी कुणी काय करायचे, याचा आराखडाही तयार ठेवायला सांगितले आहे. महाराष्ट्रात धरणांच्या तब्येतीकडे पाहणारी स्वतंत्र संघटना नाशिकला आहे. तेव्हा तुमच्या शेतातला बार धरणाला हलवत नाही. पण धरणाच्या अंगाला लागून, जलसंपदा विभागाला न विचारता कुणी खोदकाम किंवा बार करत असेल, तर ती वेगळी बाब आहे. ती तातडीने कळवावी.

आता तुमची दुसरी शंका. ती मनात येणे साहजिक आहे, कारण आपल्याच जिल्ह्यात तसे घडले आहे. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातल्या अर्धामसला गावात मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट घडवण्यात आला. जीवितहानी झाली नाही, मशिदीचे नुकसान झाले, आणि पोलिसांनी त्याच दिवशी दोघांना ताब्यात घेतले. ज्या कांडीने विहिरीला पाणी लागते, तीच कांडी गावाच्या जिवावर उठू शकते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. तो स्फोट प्रार्थनास्थळात झाला. धरण, वीजकेंद्र, रेल्वे, पाणीपुरवठा ही ठिकाणे तितक्याच काळजीची आहेत, कारण त्यांच्यावर लाखो लोकांचा रोजचा दिवस चालतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गेटवरचा जवान म्हणजेच सगळा बंदोबस्त, असे आपल्याला वाटते, कारण आपल्याला तेवढाच दिसतो. खरे तर तो साखळीतला शेवटून दुसरा-तिसरा दुवा आहे. पहिला दुवा परळीपासून पुष्कळ लांब, स्फोटकांच्या कारखान्यात आणि गोदामात असतो.

ज्याला आपण जिलेटिन म्हणतो, ते आता जुने जिलेटिन राहिलेले नाही. आल्फ्रेड नोबेलने १८७५ मध्ये शोधलेल्या स्फोटकात नायट्रोग्लिसरीन असे. ते धक्क्याने, उष्णतेने बिथरणारे होते. भारतात २००४ पासून अशी स्फोटके बंद झाली आणि त्यांच्या जागी तुलनेने शांत स्वभावाची स्फोटके आली. नाव तेवढे मागे राहिले. पुढे अमोनियम नायट्रेट हे रसायनही २०११ मध्ये स्फोटकांच्या कायद्याखाली आणले गेले आणि २०१२ मध्ये त्याचे स्वतंत्र नियम झाले. इलेक्ट्रिक डिटोनेटर, म्हणजे आपल्याकडचे वायरवाले केप, यांच्यावर केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून बंदीचा निर्णय घेतला. विजेच्या कडकडाटाने किंवा भरकटलेल्या विद्युतप्रवाहाने ते अवचित उडण्याची भीती असे, आणि त्यांचा गैरवापरही होत असे.

या सगळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. पेसो या नावाने ती ओळखली जाते. १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे नियम यांच्या आधारे तिचे काम चालते. स्फोटके बनवायला परवाना लागतो, तसाच साठवायला, विकायला, वाहून न्यायला आणि वापरायलाही लागतो. गोदाम वस्तीपासून ठरलेल्या अंतरावर हवे, त्याला वीजरोधक हवा, पहारा हवा. खोक्यावर कारखान्याचे नाव आणि तुकडीचा क्रमांक असतो. कुणी, किती, कुठून, कुठे नेले, याची नोंद प्रत्येक टप्प्यावर होते. बार घेणारा माणूस त्या कामाचे प्रमाणपत्र असलेला हवा, आणि अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात हा माल देता येत नाही. कांड्या हरवल्या किंवा चोरीला गेल्या, तर पोलिसांना लगेच कळवावे लागते.

कागदावर ही साखळी चांगली आहे. ती ढिली पडते ती विहिरीच्या काठावर, असे माझे स्पष्ट मत आहे. वीस कांड्यांचे काम ठरले, सोळांतच खडक फुटला, तर उरलेल्या चारांचे काय होते? नियम सांगतो की त्या परवान्याच्या गोदामात परत जाव्यात आणि वहीत तसे लिहिले जावे. प्रत्यक्षात कुणीतरी म्हणतो, ‘राहू द्या, पुढच्या बाराला लागतील’, आणि त्या कोठ्यात, पेंढीच्या गंजीत किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत पडून राहतात. हे म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते; त्याला फेरा वाचवायचा असतो, भाडे वाचवायचे असते. पण वहीबाहेर गेलेल्या त्या चार कांड्या कुणाच्या हाती पडतील, हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. थर्मलच्या गेटवर शंभर जवान उभे केले, तरी ही भोके तिथून बुजवता येत नाहीत.

आता गेटकडे येऊ. सिमेंटचे ठोकळे आडवे-तिडवे का मांडतात, पाहुण्यांची गाडी बाहेरच का लावायला लावतात, गाडीखाली आरसा का फिरवतात, याचा राग येतो. या सगळ्यामागे अंतराचा हिशेब आहे. मोकळ्या हवेत स्फोटाची लाट चारी बाजूंना पसरते आणि पसरताना वेगाने दुबळी होत जाते. हिशेब असा : एखाद्या ठिकाणी जेवढा दाब पोहोचतो, तेवढाच दाब दुप्पट अंतरावर पोहोचवायचा असेल, तर स्फोटक दुप्पट घेऊन भागत नाही, आठपट लागते. तिप्पट अंतराला सत्तावीसपट. म्हणून भिंत जाड करत बसण्यापेक्षा गाडी लांब थांबवणे स्वस्त पडते आणि जास्त भरवशाचेही असते. आडवे-तिडवे ठोकळे गाडीचा वेग मोडतात, आणि वेग मोडला की जवानाला पाहायला, विचारायला, अडवायला वेळ मिळतो. त्याचे खरे काम झुंज देणे हे नाही. घुसणाऱ्याला मोलाच्या जागेपासून दूर रोखून धरणे आणि आतल्यांना सावध करणे हे आहे. आत गेल्यावरही सगळीकडे मुक्त संचार नसतो. कोणत्या ओळखपत्राने कुठवर जाता येते, हे ठरलेले असते. कुठल्या केंद्रात नेमका कसा बंदोबस्त आहे, हे मात्र छापण्याची गोष्ट नाही.

जवानही एकाच जातकुळीचे नसतात. विमानतळ, अणुऊर्जा केंद्रे, केंद्राचे मोठे कारखाने यांच्यासाठी १९६९ साली उभे राहिलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आहे. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा करून राज्य सुरक्षा महामंडळ उभे केले. सरकारी आस्थापनांना ते प्रशिक्षित रक्षक पुरवते.

अंतराचा नियम मोडला तर काय होते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. युद्धाचे दिवस होते. फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. स्फोटके आणि सहज पेटणारा माल एका पोटात, आणि ते जहाज भर वस्तीला लागून असलेल्या गोदीत. दुपारी कापसाने पेट घेतला, आणि चार वाजून गेल्यावर सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी उद्ध्वस्त झाली, आसपासची जहाजे बुडाली, शेकडो माणसे गेली. आग विझवायला धावलेल्या अग्निशमन दलातले ६६ जण त्यात दगावले. आजही १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, म्हणून ही गोष्ट सोन्यासाठी सांगितली जाते. मला ती त्या ६६ जणांसाठी आणि त्या एका चुकीसाठी सांगावीशी वाटते. तिथे शत्रू आलाच नव्हता. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० ला झाले तेही असेच : जप्त केलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे शहराला खेटून पडून होते.

म्हणून ‘स्फोटकांचा धोका’ म्हणताच डोळ्यांसमोर फक्त अतिरेकी आणू नका. निष्काळजीपणाने साठवलेला माल हासुद्धा त्या धोक्याचाच भाग आहे, आणि बंदोबस्ताची आखणी करणारे दोघांचाही विचार करतात.

काही जण विचारतात, दारात मेटल डिटेक्टर आहे, मग कुत्रे कशाला? मेटल डिटेक्टर धातू ओळखतो, स्फोटक ओळखत नाही. वासाचे काम श्वानाचेच. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या जंजीर नावाच्या लॅब्राडॉरने ३,३०० किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले होते. २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. श्वानाच्या जोडीला रसायनेही आहेत. पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधन संघटनेची एक प्रयोगशाळा आहे. संशयित वस्तूच्या कणांवर थेंब टाकून रंगावरून स्फोटक ओळखण्याची छोटी पेटी तिने विकसित केली आहे. जिल्हा पोलिसांकडे बाँब शोधक व नाशक पथक असते. बेवारस पिशवी सापडली की तेच येते, आणि पिशवीत जुने कपडे निघाले तरी तो फेरा वाया गेला असे ते मानत नाही.

समजा, हे सगळे दुवे तुटले आणि एखादे केंद्र बंद पडलेच, तर? याचे उत्तर परळीने स्वतःच देऊन ठेवले आहे, फक्त तिथे स्फोटक नव्हते. २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे गोदावरीवरचा खडका बंधारा आटला, माजलगावात पाणी उरले नाही, आणि परळीचे संच एकामागून एक बंद करावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. तरी जिल्हा कायमचा अंधारात गेला नाही, कारण परळीची वीज थेट बीडच्या घराघरांत जात नाही. ती राज्याच्या आणि देशाच्या ग्रिडमध्ये मिसळते, आणि एक केंद्र थांबले की दुसऱ्या केंद्रांची वीज त्याच जाळ्यातून येते. एखादे मोठे यंत्र किंवा एखादी वाहिनी अचानक गेली, तरी बाकीचे जाळे उभे राहिले पाहिजे, असा हिशेब ठेवूनच ग्रिडची आखणी होते.

सुरक्षेचा हा भाग लोकांना दिसत नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घाव घालणाऱ्याला एका घावात सगळे बंद पाडायचे असते. पाण्याची दुसरी वाट, विजेची दुसरी वाहिनी, रुग्णालयाचे स्वतःचे जनरेटर, गोदामात ठेवलेले जास्तीचे सुटे भाग, ही सगळी त्या हेतूवरची मात्रा आहे. आणि ती दुष्काळ, पूर, वादळ यांनाही लागू पडते. पाण्याच्या बाबतीत आपण अजून तेवढे सावध नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले आहे.

रेल्वेचा विषय निघालाच आहे, तर थोडक्यात. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे परळीपर्यंत हा मार्ग २६१ किलोमीटरचा होतो. एवढ्या लांबीला भिंत बांधता येत नाही. तिथे सुरक्षा म्हणजे रोज रुळांवरून हातोडा घेऊन चालत जाणारा कीमन. रुळाखालची उकरलेली खडी, निसटलेली चावी, काल नसलेली वस्तू, हे पहिल्यांदा त्याच्याच नजरेला पडते. रुळालगत शेत असलेल्यांनीही अशा गोष्टींवर डोळा ठेवला, तर त्याची नजर लांबवर पोहोचते.

७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलबद्दलही पुष्कळ जण विचारतात. त्या वेळी राज्यातल्या यादीत मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक, मनमाड अशी ठिकाणे होती, बीड नव्हते. यावरून आपली ठिकाणे बिनमहत्त्वाची ठरत नाहीत. ती यादी नागरी संरक्षणासाठी नेमलेल्या शहरांची आणि औद्योगिक पट्ट्यांची होती. धरणांवरच्या ‘फोटो काढू नये’ या पाटीचेही तसेच. सहलीला आलेल्या कुटुंबावर कुणाचा संशय नसतो. पण दारे, चौक्या, पहाऱ्याच्या वेळा यांची चित्रे एकत्र जुळवली तर नको त्या माणसाला आयता नकाशा मिळतो. पाटी त्यासाठी आहे. पाण्याकडे तोंड करून घरच्यांचा फोटो काढायचा असेल, तर पाटीच्या अलीकडे काढा.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो, कारण तुम्ही स्वतः विहीर घ्यायच्या विचारात असाल, तर हे उपयोगी पडेल. बार घेणाऱ्याशी दर ठरवताना त्याचा परवाना आणि प्रमाणपत्र पाहा. जो दाखवायला कुरकुरतो त्याला काम देऊ नका. बाराच्या दिवशी किती कांड्या आणि किती केप आले, किती लागले, किती उरले, हे तुमच्याही वहीत लिहा आणि खाली त्याची सही घ्या. उरलेला माल तुमच्या शेतात एक रात्रही ठेवून घेऊ नका, त्याने कितीही गळ घातली तरी. बार झाल्यावर एखादे होल उडाले नसेल, तर तळात उतरण्याची घाई नको. ते कसे आणि कधी हाताळायचे हे प्रमाणपत्रवाल्यानेच ठरवायचे, गड्यांनी नव्हे. यारीने वर आलेल्या दगडांतही कधी न उडालेली कांडी निघते, म्हणून त्या ढिगाऱ्यावर पोरांना खेळू देऊ नका.

आणि बांधावर, ओढ्यात, पडक्या कोठ्यात कांडी किंवा वायर लावलेला केप सापडला, तर हात लावू नका, वायर ओढू नका, पाण्यात टाकू नका, जवळ उभे राहून मोबाइलही वापरू नका. लोकांना मागे हटवा, दूर जा आणि मग ११२ वर फोन करा. ‘माझ्याच शेतात सापडली, मलाच धरतील’ या धास्तीने पुष्कळ जण ती गुपचूप पुरून टाकतात. पुरलेली कांडी पुढच्या नांगरटीला वर येते, आणि तेव्हा ती तुमच्या पोराच्या हाती लागते. त्यापेक्षा पोलीस पाटलांना सोबत घ्या, जागा दाखवा आणि पथक येईपर्यंत कुणाला तिकडे फिरकू देऊ नका.